गाडी उलटी करून बघा: १:४३ मधल्या चार ‘बेकायदा’ रेसगाड्या

चार डायकास्ट (धातूच्या ओतीव) गाड्या, खऱ्या गाडीच्या ४३ व्या हिश्शाएवढ्या, प्रत्येकीला काळा बेस आणि वर पारदर्शक झाकण. किंमत साडेअकरा हजार, कस्टम्स वेगळं. खोक्यावर सोनेरी अक्षरांत दावा केलाय की या चारही गाड्यांवर फॉर्म्युला वनने बंदी घातली होती. आत टायरेल पी३४, ब्रॅबहॅम बीटी४६बी, लोटस ८८ आणि ब्रॉन बीजीपी००१. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच साच्यातला माल दोन-तीन लेबलांखाली विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा काय बघायचं ते सांगणं जास्त उपयोगाचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. ब्रॅबहॅम घ्या. टायरेल मिळाली तर नाही म्हणू नका. बाकीच्या दोन माझ्या टेबलावर आल्या असत्या तर लाल टॅग लावून परत पाठवल्या असत्या.

मी इनवर्ड इन्स्पेक्शनचा माणूस. सप्लायरकडून आलेला माल ड्रॉइंगशी ताडून बघण्यात भोसरीत उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे नवीन खोकं उघडलं की आधी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, बाहेर निघतो आणि मग चष्मा शोधायला लागतो. खेळण्याला फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) लावणारा नवरा हा आमच्या घरात जुना विनोद आहे, त्यावर आता कोणी हसतही नाही.

रंगकामाबद्दल तक्रार नाही. डेकल्स (चिकटवलेली चित्रं-अक्षरं) सरळ बसलेत, टायरवरची अक्षरं भिंगाखाली वाचता येतात, लोटसचा काळा रंग खोल आहे. पण या संचाचा विषय रंग नाही. ज्या एका भागावरून भांडण झालं, तो भाग दाखवणं हे त्याचं काम. मी गुण त्याचेच देतोय.

टायरेलचं प्रकरण सोपं. डेरेक गार्डनर यांनी पुढे दोनाऐवजी चार छोटी चाकं लावली, ती दहा इंची. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर, ४३ ने भागले की ५.९. माझ्या व्हर्निअरवर रिम ६.० भरली. पास. चारही चाकं फिरतात, पुढच्या दोन्ही जोड्या वळतातही, आणि कॉकपिटच्या बाजूला चाकं बघायला दिलेली छोटी खिडकी आहे, तिच्यात खरोखर पारदर्शक तुकडा बसवलाय. छान काम.

मात्र सोबतच्या पत्रकात लिहिलंय की सहा चाकं बेकायदा ठरल्यामुळे ही गाडी बंद झाली. साफ चूक. १९७६ मध्ये स्वीडनला अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर जोडी शेक्टर या गाडीत पहिला आला आणि पॅट्रिक डेपाये दुसरा. कोणी हरकत घेतली नाही. पुढे छोट्या टायरचा विकास मागे पडला, गाडी जड होत गेली आणि १९७७ नंतर टायरेलनेच ती बाजूला ठेवली. चारच चाकं हवीत हा नियम आला १९८३ मध्ये, तोवर ही गाडी केव्हाच निवृत्त झाली होती. म्हणजे ‘बंदी घातलेल्या’ चारपैकी पहिली गाडी बंदीने गेलीच नाही.

आता ब्रॅबहॅम, जिच्यासाठी मी पैसे मोजले.

गाडीच्या मागे जिथे गिअरबॉक्सचं टोक दिसायचं, तिथे मोठा गोल पंखा आहे. मॉडेलमध्ये तो वेगळा भाग आहे, शाफ्टवर बसवलेला, आणि हलकी फुंकर मारली की फिरतो. पात्यांच्या कडा पातळ आहेत, साच्याची चीर कुठेही राहिलेली नाही. या मापात हे सोपं नसतं, कारण प्लॅस्टिक पातळ ठेवलं की साच्यातून काढतानाच वाकडं होतं. पंख्याच्या पुढे इंजिनावर आडवा झोपवलेला रेडिएटर आहे, त्याची जाळीसुद्धा कोरलेली आहे. हा रेडिएटर दाखवला नसता तर अख्ख्या भांडणाचा अर्थच लागला नसता.

भांडण असं होतं. १९७८ मध्ये लोटस ७९ सगळ्यांना धुऊन काढत होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या आतून उलट्या पंखासारख्या होत्या. खालून जाणारी हवा वेग घ्यायची, दाब कमी व्हायचा आणि गाडी जमिनीला चिकटायची. यासाठी इंजिन अरुंद लागतं. ब्रॅबहॅमकडे होतं अल्फा रोमिओचं आडवं बारा सिलिंडरचं इंजिन. सहा-सहा सिलिंडर दोन्ही बाजूंना झोपलेले, म्हणजे हवेचे बोगदे जिथे पाहिजेत नेमके तिथेच. गॉर्डन मरे यांनी मग वेगळाच रस्ता धरला. इंजिनाभोवतीची जागा स्कर्ट, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या, लावून बंद करायची आणि मागच्या पंख्याने आतली हवा ओढून घ्यायची. मग वेग असो नसो, गाडी खाली दबणारच. पंखा गिअरबॉक्सवरून चालायचा, त्यामुळे उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला तरी ती खाली बसलेली दिसायची. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, लोकांना हे कळू नये म्हणून पंख्यावर चक्क कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवत.

तेव्हाचा नियम म्हणत होता की हवेच्या जोरावर परिणाम करणारा भाग हलता नसावा. पंखा तर हलणारच. मरे यांचं उत्तर तयार होतं: या पंख्याचं मुख्य काम इंजिन थंड ठेवणं हे आहे. रेडिएटर वर ठेवलाय, पंखा त्यातून हवा ओढतो, आणि मोजून बघा, निम्म्याहून जास्त हवा रेडिएटरमधूनच जाते. गाडी खाली दबते हा त्यातून मिळणारा जोडलाभ. निम्म्याहून जास्त हा शब्दप्रयोग वाचून मी मनापासून दाद दिली. सप्लायरच्या बाजूने इतकं चोख उत्तर कधी आलं नाही आमच्याकडे. आमच्याकडे ‘साहेब, एवढं चालतं’ असं यायचं.

कल्पनाही आभाळातून पडलेली नव्हती. अमेरिकेत कॅन-ॲम मालिकेत जिम हॉल यांची चॅपरल २जे १९७० मध्येच मागे दोन पंखे लावून धावली होती. ते पंखे चालवायला स्नोमोबाइलचं वेगळं छोटं इंजिन होतं, त्यामुळे ‘थंड करण्यासाठी’ म्हणायला वावच नव्हता. तो हंगाम संपला तशी तिची कारकीर्दही संपली. मरे यांनी पंखा मुख्य इंजिनाला जोडला आणि वर रेडिएटर ठेवला, यातच त्यांचं वकिली डोकं दिसतं.

१७ जून १९७८. पुन्हा स्वीडन, पुन्हा अँडरस्टॉर्प. मारिओ आंद्रेत्ती पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत पहिला, त्याच्यामागे ब्रॅबहॅमच्या दोन गाड्या, जॉन वॉटसन आणि निकी लाउडा. खरा वेग कळू नये म्हणून पात्रता फेरीत दोघांनी भरपूर इंधन घेऊन गाडी चालवली होती. शर्यतीत एका गाडीचं तेल ट्रॅकवर सांडलं, बाकीचे जपून चालवू लागले आणि लाउडा त्याच तेलावरून आरामात पुढे निघून गेला. आंद्रेत्तीचं इंजिन गेलं, वॉटसन आधीच बाहेर पडला होता. लाउडा दुसऱ्या आलेल्या रिकार्दो पात्रेसेच्या ३४ सेकंदांहून जास्त पुढे होता.

विरोधी संघांनी हरकती घेतल्या. पण निकाल बदलला नाही, विजय आजही लाउडाच्या खात्यावर आहे. आमच्या पत्रकात मात्र ‘विजय रद्द’ असं छापलंय. साडेअकरा हजारांच्या वस्तूत ही चूक खपवून घेण्यासारखी नाही, कारण सगळी गंमत त्यातच आहे. गाडी नियमाच्या चौकटीत जिंकली, आणि मग चौकट बदलली. ब्रॅबहॅमचे मालक बर्नी एक्लस्टन हेच संघांच्या संघटनेचे म्होरके होते. बाकीचे मालक त्यांच्यावर उखडले तेव्हा त्यांनी एका शर्यतीसाठी संघटना मोडण्यापेक्षा गाडी घरी ठेवली. नियामक मंडळाने मग पंख्याचा रस्ताच बंद केला. त्यानंतर ही गाडी जगज्जेतेपदाच्या शर्यतीत उतरली नाही. उतरली एक शर्यत, जिंकली एक शर्यत.

त्या दिवशी स्क्रूटिनियरच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, जागी मी असतो तर पास केली असती. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलेलं नाही त्यावरून माल परत करता येत नाही, हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. ड्रॉइंग चुकलं असेल तर रिव्हिजन काढा, पण ती पुढच्या लॉटला लागू. इथे तसंच झालं, त्यामुळे बंदीबद्दलही माझी तक्रार नाही.

मॉडेलवर मात्र एक शेरा आहे. खऱ्या गाडीचे स्कर्ट जमिनीला टेकलेले असायचे, तीच तर युक्ती. इथे स्कर्टच्या कडेखालून अर्धा मिलिमीटरचं पान न अडकता आरपार जातं. खऱ्या मापात ही फट दोन सेंटिमीटरहून जास्त झाली. एवढ्या फटीतून बाहेरची हवा आत आली असती तर पंख्याने नुसतं इंजिनच थंड केलं असतं, आणि मरे यांची बाजू आपोआप खरी ठरली असती! डब्याचं झाकणही दिलेलं नाही. तेवढा एक तुकडा दिला असता तर मी वरचे पाचशे हसत मोजले असते.

लोटस ८८ वर येतो आणि इथे माझा पारा चढतो.

१९८१ मध्ये नियम आला की खालच्या कडेला सरकणारे स्कर्ट चालणार नाहीत आणि जमिनीपासून सहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. गाडी खाली चिकटवायची तर सस्पेन्शन दगडासारखं कडक ठेवावं लागायचं, ड्रायव्हरचे मणके खिळखिळे व्हायचे. कॉलिन चॅपमन यांनी एका गाडीत दोन चेसिस केल्या. आतल्या चेसिसमध्ये ड्रायव्हर आणि इंजिन, तिला मऊ स्प्रिंग. बाहेरची चेसिस म्हणजे बॉडी आणि बाजूच्या पेट्या. हवेचा सगळा दाब तिच्यावर यायचा आणि ती तो थेट चाकांकडे पोचवायची. वेग आला की बाहेरची खाली बसायची, आतली निवांत तरंगत राहायची. शिवाय चेसिस कार्बन फायबरची, त्या वर्षी मॅकलारेनशिवाय दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती.

हरकत अशी की बाहेरचा सांगाडा ही चेसिस नाहीच, ती बॉडी आहे आणि ती हलते. चॅपमन म्हणत की चेसिस एकच असावी असं नियमात दाखवा. लाँग बीचला सरावात उतरलेली गाडी काळा झेंडा दाखवून आत बोलावली. ब्राझील आणि अर्जेंटिनातही नकार. चॅपमन इतके संतापले की इमोलाला लोटसचा संघ गेलाच नाही. सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश संघटनेने सुधारित ८८बी पास केली, तर आंतरराष्ट्रीय मंडळाने तो निर्णय फिरवला. घाईघाईने गाड्या परत जुन्या ८७ च्या रूपात आणाव्या लागल्या आणि त्या धांदलीत नायजेल मॅन्सेल घरच्याच शर्यतीला पात्र ठरला नाही. ८८ ने एकही शर्यत सुरू केली नाही.

आणि त्याच वर्षी मरे काय करत होते? सहा सेंटिमीटर मोजतात ते पिटमध्ये, गाडी उभी असताना. म्हणून त्यांनी ब्रॅबहॅम बीटी४९सीला तेल आणि हवेवर चालणारं असं सस्पेन्शन दिलं की ट्रॅकवर हवेच्या दाबाने गाडी खाली बसेल आणि परत येताना सावकाश वर उठेल. तपासणीला सहा सेंटिमीटर हजर. आपल्याकडे बुलेटवाले पासिंगपुरता कंपनीचा सायलेन्सर लावतात, तशातला प्रकार, फक्त हा आपोआप बदलायचा. ते चाललं. नेल्सन पिकेने अर्जेंटिना जिंकली आणि वर्षअखेर एका गुणाने जगज्जेतेपदही. चॅपमन यांची दोन चेसिसची गाडी घरी, आणि मोजायच्या वेळी उंच होणारी गाडी पहिली. माझ्या मते ८८ वर अन्याय झाला. इन्स्पेक्शनमध्ये सगळ्यात वाईट गोष्ट कडक तपासणी नसते. एका सप्लायरला कडक आणि दुसऱ्याला सैल तपासणी, ही असते.

आता मॉडेल. दोन चेसिस हा ज्या गाडीचा जीव, ती एकसंध ओतलेली आहे. कॉकपिटच्या कडेला जिथे आतला आणि बाहेरचा भाग वेगळे दिसायला हवेत तिथे फक्त एक काळी रेघ रंगवलीय. बोटाने दाबलं तर काहीही हलत नाही. बाहेरची बॉडी वेगळी करून उचलता येईल अशी ठेवणं १:४३ मध्ये अवघड नाही. इंजिनावरचं झाकण निघणारी कितीतरी मॉडेलं याच मापात मिळतात. सहा सेंटिमीटर म्हणजे या मापात १.४ मिलिमीटर, तेही तपासलं. एका बाजूला १.२, दुसऱ्या बाजूला १.७. गाडी तिरकी उभी आहे. रिजेक्ट.

ब्रॉनची कथा अजून वेगळी. होंडाने डिसेंबर २००८ मध्ये संघ सोडला, रॉस ब्रॉन यांनी तो हातात घेतला आणि २९ मार्च २००९ ला मेलबर्नला जेन्सन बटन पहिला, रुबेन्स बारिकेलो दुसरा. त्या वर्षीच्या नव्या नियमांनी मागचा डिफ्यूझर, म्हणजे खालची हवा बाहेर सोडणारा चढता भाग, जास्तीत जास्त १७५ मिलिमीटर उंचीचा ठेवला होता. गाडीचा तळ दोन पातळ्यांवर असतो, मधली पट्टी खाली आणि बाजूचे भाग ५० मिलिमीटर वर. खालून बघितलं तर तळात भोक दिसता कामा नये, असाही नियम होता. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स यांनी या दोन पातळ्यांमधल्या उभ्या पायरीत वाट काढली. उभी वाट सरळ खालून बघणाऱ्याला दिसत नाही! तिथून हवा वर नेली आणि पहिल्या डिफ्यूझरच्या डोक्यावर दुसरा बसवला.

फेरारी, रेनॉ आणि रेड बुल यांनी हरकत घेतली. मेलबर्नच्या स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, ती फेटाळली, प्रकरण पॅरिसच्या अपील न्यायालयात गेलं आणि १५ एप्रिलला तिथेही डिफ्यूझर वैध ठरला. ब्रॉन यांनी नंतर सांगितलंय की २००८ मध्येच तांत्रिक बैठकीत त्यांनी नियम घट्ट करायचा प्रस्ताव ठेवला होता आणि बाकीच्यांनी नको म्हटलं. हे वाचून मला हसू आवरलं नाही. बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. हरलेले सगळे आपापल्या गाड्यांना दुसरा मजला चढवायला धावले, पण रेड बुलच्या मागच्या सस्पेन्शनची रचनाच अशी होती की जागा सापडेना. दुहेरी डिफ्यूझर बंद झाला तो २०११ पासून, तोवर दोन्ही विजेतेपदं मिळवून ब्रॉनचा संघ मर्सिडीजला विकूनही झाला होता.

तर या गाडीचं सगळं मोल मागे आणि खाली. मी बेसचे स्क्रू काढले, गाडी उलटी केली. सपाट काळी पट्टी, स्क्रूची दोन भोकं आणि ‘मेड इन चायना’. बस्स. पायरीच नाही, तिच्यातली वाट कुठून असणार? ५० मिलिमीटर म्हणजे इथे १.१६, बारीक आहे पण साच्यात येतं, याहून बारीक अक्षरं त्यांनी तळावर उठवलीच आहेत. डिफ्यूझरची उंची ४.१ भरली, म्हणजे बरोबर, पण आत एकच मजला. ही मॉडेलवाल्यांनी बनवलेली ब्रॉन त्या वर्षी फेरारीनेही आनंदाने पास केली असती.

संचात एक जागा वाया गेलीय असंही वाटलं. टायरेलऐवजी २००६ ची रेनॉ हवी होती. तिच्या नाकात बंद डब्यात स्प्रिंगवर तोललेलं वजन होतं, टायर उसळले की ते उलट हलून उसळी शमवायचं. हवेचा त्याला स्पर्शही नाही. तरी हॉकेनहाइमच्या स्टुअर्डनी वैध ठरवलेली ही वस्तू मंडळाने स्वतःच्याच स्टुअर्डविरुद्ध अपील करून बंद केली, आणि कलम तेच, हवेशी संबंधित हलता भाग, ज्यावरून पंख्याचं भांडण झालं होतं. अर्थात ही कंपनी नाक उघडून ते वजन दाखवेल अशी आशा नाही.

पॅकिंग उत्तम, फोम घट्ट, प्रवासात आरसासुद्धा सुटला नाही. झाकणं लवकर ओरखडतात, मऊ कापडच वापरा. पत्रकात टायरेल आणि ब्रॅबहॅमबद्दलच्या चुका मी वर सांगितल्यात. विक्रेत्याला कळवल्यावर ‘पत्रक फक्त माहितीसाठी आहे’ असं उत्तर आलं, ते मी जपून ठेवलंय.

पूर्ण संचाला पाचात अडीच. ब्रॅबहॅम सुटी तीन हजारांच्या आसपास मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, पंखा फिरतो का तेवढं विचारून. ब्रॉन किंवा लोटस कुठल्याही कंपनीची घेणार असाल तर पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे गाडी बेसवरून काढून खालून घेतलेला फोटो मागा. बहुतेक जण खोक्याचाच फोटो पुन्हा पाठवतात, तिथे पुढे बोलू नका.